फुलं असेपर्यंत बाग बंद

आईच्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली आणि आमच्या घरातली शांतता संपली. मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरांनी थेंब कधी घालायचे, वाकायचं का नाही, उन्हात काळा चष्मा कसा लावायचा, हे सगळं नीट समजावून दिलं होतं. पण दिसायला लागलेल्या आईपासून घरातल्या इतरांनी स्वतःला कसं जपायचं, याबद्दल ते एक अक्षरही बोलले नव्हते. घरात पाऊल टाकल्याबरोबर आई बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं छताच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक दाखवलं. मग पंख्यावरची धूळ दाखवली. मग पडदे. इतकी वर्षं ती जे पडदे बदामी समजत होती ते पांढरे निघाले, आणि पांढरे असतील तर असे का दिसतात हा पुढचा प्रश्न आला. बायकोनं स्टूल ओढलं आणि पडदे काढायला घेतले. शेवटी आईची नजर माझ्यावर येऊन थांबली. तिनं मला बराच वेळ न्याहाळलं.

"तुला केस होते ना रे?" ती म्हणाली.

मी एका विमा कंपनीत दावे तपासायला आहे. लोक येऊन सांगतात की आमचं अमुक जळलं, तमुक भिजलं. ते खरोखर जळलं का, आणि जळलं असेल तर ते आधीपासूनच जरा जळकं नव्हतं ना, हे बघणं माझं काम. संशय घेऊन घेऊन माझा स्वभावच तसा झालाय. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तरी याला आपल्याकडून काय हवं असेल, असं आधी मनात येतं. त्यामुळे डावा डोळाही लगेच करून घ्या, मोतीबिंदू फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांनाही उलटसुलट प्रश्न विचारून घेतले. डॉक्टर आपल्या म्हणण्याला पक्के निघाले. मी तयार झालो, बायको तयार झाली. आई काही तयार होईना.

"एका डोळ्यानं सगळं दिसतंय," ती म्हणाली. "आणि जे दिसतंय, त्यात दुसरा डोळा कामाला लावावा असं मला अजून काही आढळलेलं नाही."

आम्ही हसलो. ती हसत नव्हती. नंतर चहा पिताना, खिडकीकडे बघत, ती अगदी सहज म्हणाली की आता बघायचं उरलंय तरी किती. आई तक्रारी करते, टोमणे मारते, फोनवर मावशीशी भांडते, पण असलं काही ती कधी बोलत नाही. मी घाबरलो, हे इथे सरळच सांगून टाकतो. मी म्हटलं, तू फक्त सांग, तुला काय बघायचंय ते. समुद्र दाखवतो, डोंगर दाखवतो. तिनं दोन्ही नाकारले, कारण दोन्हीकडे फार चालावं लागतं. मग तिनं समोर बोट केलं.

"त्या बागेतले गुलाब दाखव. बघण्यासारखे निघाले तर करू दुसरा डोळा."

मला हायसं वाटलं. बाग आमच्या समोरच आहे. जिना उतरायचा, रस्ता ओलांडायचा की फाटक. भिंत उंच, आणि भिंतीच्या आतून झाडांची दाट रांग. उन्हाळाभर आमच्या बाल्कनीतून नुसता हिरवा पडदा दिसतो. पानगळ सुरू झाली की उघड्या पडलेल्या फांद्यांमधून खाली काहीतरी रंगीत आहे एवढं कळतं. आईला गेली काही वर्षं तेवढंही कळत नव्हतं. मी स्वतः तिथे कधी गेलेलो नव्हतो. घरासमोरच्या ठिकाणी कधीही जाता येतं, त्यामुळे जाणं राहूनच जातं.

रविवारी सकाळी आईला शाल गुंडाळली, काळा चष्मा चढवला आणि आम्ही मायलेक निघालो. फाटकाला कुलूप होतं. वर पाटी होती: 'गुलाबांचा मोसम सुरू असल्याने उद्यान बंद आहे.' मी ती पुन्हा वाचली. दाव्यांच्या कागदांत मी आयुष्यभर विसंगती शोधत आलो, पण इतक्या सुबक अक्षरात रंगवून दारावर टांगलेली विसंगती मी प्रथमच पाहत होतो.

पहारेकरी आतल्या बाजूला खुर्चीवर बसला होता. त्यानं मला शांतपणे समजावलं. पूर्वी बाग मोसमात उघडी असायची. मग लोक यायचे. लोक आले की फुलांना हात लावायचे, नाकं खुपसायचे, एका गृहस्थांनी तर फोटो चांगला यावा म्हणून आपली दोन्ही मुलं वाफ्यातच बसवली. तेव्हापासून अधीक्षकसाहेबांनी ठरवलं की फुलं असेपर्यंत बाग बंद. मी विचारलं, मग उघडते कधी? थंडी पडायच्या आत छाटणी होते, ती झाली की उघडते. मी विचारलं, छाटणी झाल्यावर आत बघण्यासारखं काय असतं? त्यानं थोडा विचार केला.

"शांतता असते," तो म्हणाला.

आई माझ्या दंडाला धरून उभी होती. ती म्हणाली, चल परत, माझं काही अडलेलं नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रस्ता ओलांडताना तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मी तिथेच ठरवलं की काही झालं तरी हिला आत नेणारच.

ही गोष्ट माझ्यापाशी राहिली असती तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण आमच्या खालच्या मजल्यावर कर्नल राहतात. ते कधी सैन्यात नव्हते. वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले आहेत. पण त्यांच्या मिशा आणि त्यांचे सल्ले दोन्ही असे आहेत की दुसरं कुठलं नाव शोभलंच नसतं. आम्ही परत येताना त्यांनी जिन्यात आम्हांला गाठलं, सगळं ऐकून घेतलं, आणि 'ही मोहीम आहे' असं जाहीर केलं. मी म्हटलं, मोहीम वगैरे काही नाही, आईला फक्त गुलाब बघायचेत. ते म्हणाले की सगळ्या मोहिमा अशाच सुरू होतात.

त्याच दुपारी ते दुर्बीण घेऊन वर आले. आईला बाल्कनीत बसवलं, दुर्बीण तिच्या नव्या डोळ्याला लावली. आईला गुलाब दिसले नाहीत, मध्ये फांद्या येत होत्या. पण बागेच्या कोपऱ्यातलं अधीक्षकांचं कार्यालय मात्र स्वच्छ दिसलं. अधीक्षक केळं खात होते आणि त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. ही माहिती आईनं इतक्या आवडीनं सांगितली की कर्नलना मोहीम यशस्वी होत असल्यासारखं वाटलं. दुर्बीण त्यांनी आमच्याकडेच ठेवली. पुढच्या काही दिवसांत आईनं समोरच्या इमारतीत कोण कपडे नीट पिळत नाही याची खडान्‌खडा माहिती मिळवली. गुलाब मात्र दिसेनात.

मग कर्नलनी शिडी आणली. मी नको म्हणत होतो. पण माझ्या कामात एक शिस्त आहे: दावा मान्य करायच्या आधी जागेची पाहणी करायची. ते गुलाब खरोखर बघण्यासारखे आहेत का, की आईला आत नेऊन उलट तिची निराशा होईल, हे आधी पाहून ठेवलेलं बरं, असं मला वाटलं. शिवाय भिंतीवरून मोबाइलमध्ये फोटो काढून आणला तर कदाचित तेवढ्यावरच भागेल. म्हणून बागेच्या बाजूच्या गल्लीत, रहदारी कमी असताना, कर्नलनी शिडी धरली आणि मी चढलो.

भिंतीवर लोखंडी टोकं होती. ती आईला आमच्या बाल्कनीच्या दुसऱ्या कडेवरून, दुर्बिणीतून, माझ्याआधी दिसली. "डावीकडचं टोक गंजलंय रे, त्याला धरू नकोस," ती वरून ओरडून म्हणाली, आणि अख्ख्या गल्लीनं माझ्याकडे पाहिलं. मी उजवीकडच्या टोकाला धरलं. डावीकडच्या टोकानं माझी पँट धरली. मी वर जाईना की खाली येईना. एवढ्यात कर्नल शिडी सोडून जरा लांब गेले, कारण सगळं चित्र नीट दिसत नव्हतं असं त्यांचं म्हणणं. त्याच वेळी आमचे विभागप्रमुख सपत्नीक तिथून जात होते. ते थांबले आणि त्यांनी खालून विचारलं की काही पाहणी चालू आहे का. मी वरून हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली. ऑफिसच्या वेळेबाहेर, सुट्टीच्या दिवशी, पँट फाटेपर्यंत पाहणी करणारा माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या भिंतीवर, पोटावर पालथा, एक पाय अडकलेला, अशा अवस्थेत मी आत पाहिलं, आणि माझ्या अगदी खाली एक गुलाब होता. एकच दिसत होता, बाकीचे फांद्यांआड. आजूबाजूला पिवळी पानं पडलेली, ऊन तिरपं, आणि मध्ये हे एवढं मोठं गडद लाल फूल, निवांत उमललेलं. जणू त्याला काहीच घाई नव्हती. आजवर मी गुलाब पाहिले होते ते सत्कारातले, कागदात गुंडाळलेले, मान टाकलेले. हे काहीतरी निराळंच होतं. मला त्याच्यात एकही खोट दिसेना, आणि मला खोट दिसत नाही असं सहसा होत नाही. फोटो काढायचा मी विसरलो. नंतर पाहिलं तर मोबाइलमध्ये माझ्या अंगठ्याचा एक फोटो होता.

"साहेब, आपण उतरताय, की कुणाला बोलावू?" आतून पहारेकरी विचारत होता. त्यानं आतल्या बाजूनं वर चढून माझी पँट सोडवली. आई वरून म्हणाली की मागच्या बाजूला फाटलंय, हात मागे धरून घरी ये. मी गल्लीतून हात मागे धरूनच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी रीतसर अधीक्षकांना भेटायला गेलो. हा माणूस उर्मट असेल अशी माझी खात्री होती, आणि मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. ते अतिशय मृदू निघाले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की गुलाबाला तीन गोष्टींचा उपद्रव असतो: मावा, बुरशी आणि अभ्यागत. पहिल्या दोघांवर औषध आहे. मी आईच्या डोळ्याचं सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले की एका आईला सोडलं तर उद्या सगळ्यांच्या आया येतील. माझ्या टेबलावर मीही लोकांना अगदी हेच सांगतो.

मी उठलो तेव्हा त्यांनीच एक वाट सुचवली. छाटणीला मनुष्यबळ कमी पडतं, म्हणून गावातल्या गुलाब मंडळाचे सभासद मदतीला येतात. त्यांना तेवढा एक दिवस फाटक उघडं असतं. सभासद व्हा, मदतनीस म्हणून आईंना आणा. छाटणी आता होणारच आहे, थंडी सुरू व्हायच्या आत. मी विचारलं, सभासद कसं होतात? ज्याच्या घरी गुलाब असतो तो सभासद होतो. मंडळाच्या बाई घरी येऊन गुलाब पाहून जातात.

म्हणजे गुलाब बघायला मिळावेत म्हणून आधी घरी गुलाब हवा होता. मी ते मुकाट्यानं मान्य केलं. खरं सांगायचं तर भिंतीवरून तो गुलाब पाहिल्यापासून मी निम्मा त्या पक्षाला मिळालोच होतो.

रोपवाटिकेतून एक कुंडी आणली. तिला एक कळी होती, टपोरी, टोकाशी जरासा गुलाबी रंग डोकावणारी. कुंडी बाल्कनीत ठेवल्याबरोबर इमारतीतले सगळे जण गुलाबाचे जाणकार निघाले. कर्नल म्हणाले, चहाचा चोथा घाला. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, चोथा मुळीच नको, मुंग्या येतात, कांद्याच्या सालीचं पाणी घाला. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, त्याच्याशी बोलत जा. मी सगळं केलं. बोललोसुद्धा, पण पहिल्या दोन वाक्यांनंतर मला विषय सुचेना, आणि बायको आतून ऐकत होती.

रोपाला यातल्या कशानंही काही झालं नाही. झालं ते माझ्यामुळे. मला सवयच अशी की कुणी नुसतं 'होतंय' म्हटलं तर माझा विश्वास बसत नाही, पुरावा लागतो. कळी उमलते आहे असं सगळे म्हणत होते. मला ती आदल्या दिवशी होती तशीच वाटे. म्हणून रोज ऑफिसला जाण्यापूर्वी मी एक पाकळी अगदी हलक्या हातानं, नखानं, जराशी बाजूला करून आत प्रगती आहे का ते बघायचो. बाई येणार होत्या त्याच सकाळी मी असाच तपासत होतो, तेवढ्यात कळी देठासकट माझ्या हातात आली. मी ती खिशात टाकली.

मंडळाच्या बाई म्हणजे निवृत्त गणित शिक्षिका. ठेंगण्या, ताठ, बोटांवर काट्यांचे जुने ओरखडे. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फूल कुठे आहे, असं विचारल्यावर मी हवामानात अचानक झालेले बदल, वाऱ्याचा वेग आणि नैसर्गिक कारणं यांबद्दल बोलू लागलो. हे बोलणं मला पाठ आहे. फक्त एरवी ते समोरचा बोलत असतो.

"हा रोज उघडून बघायचा तिला," आई आरामखुर्चीतून म्हणाली. "आणि आत्ता ती त्याच्या शर्टाच्या खिशात आहे. खिसा फुगलाय, मला इथून दिसतंय."

मी कळी काढून टेबलावर ठेवली. मला इतकं ओशाळल्यासारखं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. बाई मात्र हसू लागल्या. मग त्या आईशेजारी बसल्या आणि मला आणि त्या कळीला विसरून तिच्याशी बोलत राहिल्या. उन्हाळ्यातला गुलाब घाईत असतो, त्या म्हणाल्या, सकाळी उमलतो आणि ऊन चढेपर्यंत दमतो. पानगळीतली फुलं थोडी येतात, पण गारव्यात सावकाश उमलतात, रंग मुरतो, आणि ती दिवसचे दिवस टिकतात. आईनं विचारलं, मग एवढ्या चांगल्या दिवसांत तुम्ही ती कापून का टाकता? बाई म्हणाल्या की झाडाला पुढच्या वर्षाची तयारी करायला विसावा लागतो.

जाताना दारात बाईंनी मला सांगितलं की सभासद झालात असं समजा. मात्र तिथे जायचं ते छाटणीला, हे विसरू नका. शिट्टी वाजली की कापायचं, फूल असो की कळी. डोळ्याच्या वर, तिरकं कापायचं. मी दचकलो. त्या म्हणाल्या, फांदीच्या डोळ्याच्या. नवी फूट जिथून येते त्याला डोळा म्हणतात.

छाटणीच्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी हातमोजे घातले होते, माझ्या हातात नवी कोरी कात्री होती, आणि आईच्या हातात, मदतनीस म्हणून, रिकामी टोपली. फाटक उघडं होतं. पहारेकऱ्यानं मला ओळखलं आणि आज दारातून आल्याबद्दल आभार मानले. आत मंडळाचे लोक आपापल्या रांगेपाशी कात्र्या परजून उभे होते. कोपऱ्यात एक मोठा खड्डा खणलेला होता. कापलेलं सगळं त्यात जायचं होतं. अधीक्षक शिट्टी गळ्यात अडकवून घड्याळ बघत होते.

धुकं होतं म्हणून आईनं काळा चष्मा काढला आणि ती पहिल्या झाडासमोर थांबली.

मी आजवर पुष्कळ जळालेलं, मोडलेलं, भिजलेलं पाहिलंय. त्या सकाळी मी जे पाहिलं ते कशात बसवावं हे मला अजून कळलेलं नाही. रांगांमागून रांगा होत्या. भिंतीवरून मला एकच फूल दिसलं होतं, आणि इथे लाल होते, लालात पुन्हा काळपट होते, शेंदरी होते, आतून पिवळे आणि कडेला गुलाबी होते, आणि पांढरे असे होते की त्यांच्याकडे पाहून आमचे धुतलेले पडदेही मला मळके वाटले. प्रत्येकावर दव होतं. थंड हवेत वास खाली बसून राहिला होता, चालताना तो अंगाला लागत होता. आणि हे सगळं आमच्या दारासमोर होतं, दर वर्षी, मी रोज सकाळी इथूनच बस पकडायला धावत असताना.

आईनं हातानं उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं पाहिलं. मग डावा झाकला आणि उजव्यानं पाहिलं. पुन्हा तसंच केलं. मला वाटलं डोळा दुखतोय. मी विचारलं, काय झालं?

"या डोळ्यानं चहाच्या रंगाचा दिसतोय," ती म्हणाली. "आणि या डोळ्यानं असा." तिनं हात खाली घेतला. "मला वाटायचं, सगळ्याच वस्तू फिक्या पडत चालल्यात. माझं वय होतंय तसं जगाचंही होतंय. म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. त्यात बोलण्यासारखं काय होतं?"

ही बाई इतकी वर्षं आमच्या घरात उठत होती, बसत होती, पडद्यांना बदामी म्हणत होती, आणि जग विटत चाललंय हे तिनं मुकाट्यानं मान्य करून टाकलं होतं.

अधीक्षकांनी शिट्टी तोंडाला लावली. पण आई दुसऱ्या झाडाकडे गेली होती, आणि तिथे उभ्या असलेल्या सभासदाला तिच्या खांद्यावरून कापता येईना. त्यानं कात्री पाठीमागे धरली. आई तिसऱ्याकडे गेली, तिथल्या दोघी आपोआप बाजूला सरल्या. ती कुठल्याही फुलाला हात लावत नव्हती. एकेका फुलासमोर उभी राहून, डोळे आलटून पालटून झाकत, दोन्हींचं म्हणणं ऐकून घेत होती. अधीक्षकांनी शिट्टी खाली घेतली, मग पुन्हा वर नेली, मग ती त्यांच्या हातातच राहिली. हळूहळू सगळेच तिच्या मागून चालू लागले. मंडळाच्या बाईही आल्या. ही माणसं दर वर्षी इथे येत होती, पण आत आलं की वाकायचं आणि कापायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. आता तेच लोक वाकून बघत होते.

रांगा संपल्या तेव्हा अधीक्षक पुढे आले. जरा घुटमळले. मग म्हणाले, "मावशी, मागे एक आहे. बघता का?"

अवजारांच्या खोलीमागे, कुठूनही दिसणार नाही अशा जागी, एक झाड होतं. त्याला दोनच फुलं होती, मावळत्या उन्हाच्या रंगाची, मोठी, जराशी झुकलेली. हे कलम त्यांनी स्वतः केलं होतं, आणि ते अजून कुणालाच दाखवलेलं नव्हतं. आई त्या झाडासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली. अधीक्षकांचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

"असं फूल आणि कुणाला दाखवलं नाहीत?" आई म्हणाली. "भीती वाटते का हो तुम्हांला लोकांची?"

अधीक्षक म्हणाले, वाटते. आईनं मान डोलावली. मग तिनं त्यांच्याकडे, त्या नव्या डोळ्यानं, नीट पाहिलं आणि हळूच सांगितलं की शर्टाचं वरून दुसरं बटण चुकीच्या काजात घालायची त्यांना सवय आहे, ती मोडावी. अधीक्षकांनी तिथल्या तिथे बटण नीट केलं. शिट्टी त्यांनी खिशात टाकली आणि सगळ्यांना तोंडीच सांगितलं की आता सुरू करा.

आम्ही माझ्या रांगेपाशी परत आलो. पहिलं झाड तेच, ज्याच्यासमोर आई आधी थांबली होती. आजूबाजूला कात्र्या चालू लागल्या. मी माझी कात्री उघडली, फांदीला लावली, आणि ती मिटेना. वरचं फूल माझ्या तोंडासमोर होतं. मी आईला म्हटलं, तू अजून थोडं बघून घे. मी शेवटी कापतो.

"बघितलं मी," आई म्हणाली. "एका डोळ्यानं जेवढं बघता येतं तेवढं सगळं बघून झालं. आता काप. पुढच्या वर्षी दुसरा डोळा घेऊन यायचंय मला, तोवर झाडाला तयारी नको का करायला? आणि दुपारी डॉक्टरांना फोन कर."

मी कापलं. फूल आईच्या टोपलीत पडलं. कुठे कापतोय ते मला मुळीच दिसत नव्हतं, आणि माझे दोन्ही डोळे चांगले आहेत.

"सरळ कापलंस," आई फांदीकडे बघत म्हणाली. "तिरकं सांगितलं होतं ना बाईंनी?"